चार अक्षरांवर फिरणारा शेवटचा हात

जूनमध्ये पाऊस लागला की कर्ली नदी भरून वाहू लागते आणि देवबागजवळची खाडी बघता बघता बदलते. मे महिन्यात जिथे पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट होतं, तिथे आता लाल मातीचं, बरंचसं गोडं पाणी असतं. मासे अशा वेळी जागा बदलतात. कालवाला ती सोय नाही. एकदा खडकाला चिकटलं की जन्म तिथेच काढायचा. तरीही कालवं जगतात. पावसाळा सरल्यावर ओहोटीच्या वेळी बायका खडकांवरून कालवं काढतात, तेव्हा ती भरलेली असतात. हे त्यांना कसं जमतं?

बाहेर मीठ जास्त असेल तर पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसते. बाहेरचं पाणी एकाएकी गोडं झालं तर ते आत शिरतं आणि पेशी फुगते. पहिला उपाय म्हणून कालव शिंपला घट्ट मिटून घेतं, पण फार दिवस तसं बसता येत नाही. मग खरा उपाय पेशीच्या आत सुरू होतो. पेशीत विरघळलेल्या काही लहान रेणूंचं प्रमाण बाहेरच्या पाण्याप्रमाणे कमी-जास्त केलं जातं आणि पेशीचा आकार टिकतो. या रेणूंमधला एक ठळक रेणू म्हणजे टॉरिन. १८२७ मध्ये जर्मनीत टीडमान आणि ग्मेलिन यांनी तो बैलाच्या पित्तात प्रथम शोधला. कालवं, तिसरे, खुबे, म्हाकुल यांच्या अंगात तो भरपूर असतो. शिंपल्यांच्या अनेक जातींत १०० ग्रॅम मांसामागे शेकडो मिलिग्रॅम टॉरिन सापडतं. भाजीपाला, धान्य आणि डाळींत ते जवळजवळ नसतं.

हे टॉरिन २००२ मध्ये एका अनपेक्षित जागी सापडलं. तोक्यो विद्यापीठातल्या त्सुतोमु सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते माणसाच्या पेशीतल्या काही चिमुकल्या आरएनए रेणूंवर, अगदी ठरावीक जागी, पक्कं जोडलेलं आढळलं. आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवलेली प्रत, आणि ती चार अक्षरांत लिहिलेली असते, असं आपण शाळेत शिकतो. त्या चार अक्षरांत टॉरिन कुठेच नाही. मग ते तिथे कोण लावतं आणि कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आनुवंशिकतेबद्दलची आपली एक पक्की समजूत सैल होते.

वाहक आरएनए: लहान, पण मोक्याच्या जागी

शरीराची बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ठरावीक क्रमाने गुंफलेली साखळी. हा क्रम डीएनएत लिहिलेला असतो. डीएनएवरून एक लांब प्रत निघते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही प्रत ए, यू, जी आणि सी या चार अक्षरांची असते आणि तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते. उदाहरणार्थ, जीसीयू हा गट आला की अलानिन नावाचं अमिनो आम्ल जोडायचं.

अडचण अशी की जीसीयू ही तीन अक्षरं आणि अलानिन यांच्यात कसलंच रासायनिक आकर्षण नाही. एक दुसऱ्याला आपणहून ओळखत नाही. मध्ये कुणीतरी दोघांना ओळखणारा हवा, असं अनुमान फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्ये मांडलं होतं. थोड्याच वर्षांत तो मध्यस्थ प्रत्यक्ष सापडला. तोच वाहक आरएनए. साधारण ७५ ते ९० अक्षरांचा हा रेणू स्वतःवरच दुमडलेला असतो. त्याच्या एका टोकाला अमिनो आम्ल जोडलेलं असतं, आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर संदेशातल्या गटाशी जोडी जमवणारी तीन अक्षरं असतात. ए समोर यू आणि जी समोर सी, हा जोडीचा साधा नियम.

पेशीतलं प्रत्येक प्रथिन वाहक आरएनएच्या हाताखालून जातं. म्हणूनच हा रेणू नीट घडलेला असणं फार महत्त्वाचं आहे. डीएनएवरून तो जसा उतरतो तसा मात्र तो कामाचा नसतो.

कच्ची प्रत आणि तिची घडण

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं घडताना पाहिली, तर वाहक आरएनएची घडण समजायला सोपी जाते. आधी लाकडाचा जास्तीचा तुकडा हातात येतो. त्याची टोकं कापली जातात, मधलं नको ते काढलं जातं, देठासारखा भाग वेगळा करून बसवला जातो, आणि शेवटी ठरावीक जागी लाखेचा रंग चढतो. रंग चढेपर्यंत त्या तुकड्याला आंबा म्हणायचं की काजू, हे पुरतं ठरलेलं नसतं.

वाहक आरएनएचंही तसंच आहे. माणसाच्या डीएनएत त्याची चारशेहून जास्त जनुकं आहेत. त्यांच्यावरून जी कच्ची प्रत निघते तिला दोन्ही टोकांना जादा अक्षरं असतात, आणि काही प्रतींच्या मधोमधही नको असलेला तुकडा असतो. पुढच्या बाजूचा जादा भाग आरएनएज पी नावाचं यंत्र कापतं. मागचा भाग दुसरं एक एन्झाइम कापतं. एन्झाइम म्हणजे पेशीतली एखादी ठरावीक रासायनिक क्रिया घडवून आणणारा रेणू. मधला तुकडा असेल तर तो काढून उरलेली दोन टोकं सांधली जातात. त्यानंतर मागच्या टोकाला सी, सी आणि ए ही तीन अक्षरं जोडली जातात. माणसाच्या डीएनएत वाहक आरएनएच्या जनुकांत ही तीन अक्षरं लिहिलेली नसतात. एक एन्झाइम कोणताही मजकूर समोर न ठेवता ती लावतं, आणि शेवटच्या ए वरच पुढे अमिनो आम्ल बसतं.

यातल्या आरएनएज पी या यंत्राने विज्ञानाला मोठा धक्का दिला. कापण्याचं काम प्रथिनंच करतात, असं फार काळ मानलं जात होतं. सिडनी ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की जिवाणूंच्या आरएनएज पी मध्ये कापणारा भाग खुद्द आरएनएचा आहे. म्हणजे एक आरएनए दुसऱ्या आरएनएला घडवतो. आरएनए स्वतः रासायनिक क्रिया घडवू शकतो, या शोधासाठी ऑल्टमन आणि थॉमस चेक यांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चौकट: कच्च्या प्रतीपासून तयार वाहक आरएनएपर्यंत

१. जनुकावरून जास्त लांबीची कच्ची प्रत निघते.
२. पुढचं आणि मागचं जादा टोक कापलं जातं.
३. मध्ये नको असलेला तुकडा असल्यास तो काढून सांधा जुळवला जातो.
४. मागच्या टोकाला सी-सी-ए जोडलं जातं.
५. ठरावीक अक्षरांवर रासायनिक बदल होतात. यातले काही बदल आधीच्या पायऱ्यांबरोबरच होतात, काही अगदी शेवटी.
६. नीट न घडलेले रेणू ओळखून नष्ट केले जातात.
७. तयार रेणूवर योग्य अमिनो आम्ल चढतं आणि तो कामाला लागतो.

अक्षर बदलतं म्हणजे नेमकं काय होतं?

पाचवी पायरी सगळ्यात विलक्षण आहे. चार अक्षरांच्या मूळ रचनेवर पेशी इतके बदल करते की सगळ्या सजीवांत मिळून आरएनएच्या बदललेल्या अक्षरांचे दीडशेहून जास्त प्रकार आजवर सापडले आहेत. त्यांतले सर्वाधिक वाहक आरएनएवरच. माणसाच्या एकेका वाहक आरएनएवर सरासरी डझनभर तरी असे बदल असतात.

काही बदल अगदी साधे आहेत. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा मेथिल गट अक्षराला चिकटवला जातो. हा गट आपल्या अन्नातल्या मेथिओनिन या अमिनो आम्लापासून येतो. काही बदलांत यू या अक्षराला दोन हायड्रोजन जोडले जातात. मग ते अक्षर सपाट राहत नाही आणि साखळी तिथे सहज वाकते.

एक बदल जवळून पाहण्यासारखा आहे. यू हे अक्षर साखळीच्या साखरेला एका नायट्रोजन अणूने जोडलेलं असतं. एक एन्झाइम ते अक्षर तिथून सोडवतं, जागच्या जागी फिरवतं, आणि कार्बन अणूने पुन्हा त्याच साखरेला जोडतं. अणू तेवढेच, वजन तेवढंच, फक्त बसण्याची दिशा बदललेली. पण या फिरवण्यामुळे एक मोकळा हायड्रोजन बाहेरच्या बाजूला येतो, तो आसपासच्या पाण्याच्या रेणूला धरतो, आणि साखळी त्या ठिकाणी घट्ट होते. या अक्षराला स्यूडोयुरिडिन म्हणतात. १९५१ मध्ये ते आढळलं तेव्हा त्याला आरएनएचं पाचवं अक्षर म्हटलं गेलं.

म्हणजे एका बदलाने साखळी सैल पडते, दुसऱ्याने घट्ट होते. कुठे सैल आणि कुठे घट्ट, यावरून वाहक आरएनएची घडी ठरते.

तिसऱ्या प्रकारचे बदल थेट वाचनावर परिणाम करतात. अलानिनचाच दाखला घेऊ. त्याच्यासाठी जीसीयू, जीसीसी, जीसीए आणि जीसीजी असे चार गट आहेत. प्रत्येकासाठी वेगळा वाहक आरएनए ठेवायचा का? पेशी ते टाळते. वाहक आरएनएवरच्या तीन अक्षरांपैकी साखळीत ३४ व्या जागेवर असलेलं अक्षर संदेशातल्या गटाच्या तिसऱ्या अक्षरासमोर येतं. अलानिनच्या वाहकात तिथे मुळात ए असतं. एक एन्झाइम त्यातला नायट्रोजनचा लहान गट काढून टाकतं आणि त्याचं इनोसिन बनतं. इनोसिन यू, सी आणि ए या तिघांशीही जोडी जमवू शकतं. त्यामुळे एकच वाहक आरएनए अलानिनचे तीन गट वाचतो. या तिसऱ्या जागेवरच्या सैल जोडीचा नियम क्रिक यांनी १९६६ मध्ये मांडला.

यीस्टचा एक ग्रॅम आणि खुराणांचं जनुक

हे सगळं कळायला सुरुवात झाली ती रॉबर्ट हॉली यांच्या चिकाटीने. अमेरिकेत कॉर्नेल इथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १४० किलो यीस्टमधून अलानिनचा वाहक आरएनए एक ग्रॅम इतका वेगळा काढला, आणि त्याचा अक्षरक्रम १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. ७७ अक्षरांचा तो क्रम म्हणजे कोणत्याही आरएनएचा पूर्ण वाचला गेलेला पहिला क्रम. त्यात इनोसिन होतं, स्यूडोयुरिडिन होतं, मेथिल गट लागलेली अक्षरं होती. चार अक्षरांची समजूत पहिल्याच वाचनात अपुरी ठरली.

हॉली यांच्याबरोबर १९६८ चं नोबेल मार्शल निरेनबर्ग आणि आपले हरगोविंद खुराणा यांना मिळालं. खुराणांनी पुढे १९७० मध्ये प्रयोगशाळेत संपूर्ण जनुक रासायनिक पद्धतीने बांधलं. ते यीस्टच्या याच अलानिन वाहक आरएनएचं जनुक होतं. १९७६ मध्ये त्यांच्या गटाने टायरोसिनच्या वाहक आरएनएचं जनुक बांधलं, आणि ते जिवाणूच्या पेशीत घातल्यावर चाललं. ते चालण्यासाठी जिवाणूने कच्ची प्रत कापून, बदलून, तयार करून घेणं आवश्यक होतं. माणसाने बांधलेल्या जनुकावर पेशीने शेवटचा हात फिरवला, तेव्हाच ते जिवंत झालं.

शहाळ्याच्या पाण्यातलं एक अक्षर

इथवरचे बदल पेशी स्वतःच्या सामानातून करते. काही बदलांसाठी मात्र सामान बाहेरून यावं लागतं. त्यातलं सगळ्यात नवलाचं उदाहरण क्यूइन.

टायरोसिन, हिस्टिडिन, अ‍ॅस्परजिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या चार अमिनो आम्लांच्या वाहक आरएनएत ३४ व्या जागी जी असतं. एक एन्झाइम ते जी साखळीतून उचलून बाहेर काढतं आणि त्याच्या जागी क्यूइन हे वेगळंच अक्षर बसवतं. साखळी मात्र कुठेही तुटत नाही. हे क्यूइन माणसाला बनवता येत नाही. कोणताच प्राणी किंवा वनस्पती ते बनवू शकत नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. आपल्याला ते आतड्यातल्या जिवाणूंकडून आणि अन्नातून मिळतं.

१९८२ मध्ये खाद्यपदार्थांत क्यूइन शोधलं गेलं, तेव्हा ते गव्हात, टोमॅटोत, गाई-बकरीच्या आणि मातेच्या दुधात सापडलं, आणि नारळाच्या पाण्यातही सापडलं. प्रमाण अतिशय सूक्ष्म, पण पेशीला लागतंही तेवढंच. २०२५ मध्ये क्यूइनला पेशीच्या आत घेणारं प्रथिन ओळखलं गेलं. हे प्रथिन शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं, त्याचं हे काम मात्र ठाऊक नव्हतं.

क्यूइन नसलं तर काय होतं? उंदरांवरच्या प्रयोगांत याचं उत्तर मिळालं. आतड्यात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांना क्यूइन आणि टायरोसिन दोन्ही नसलेलं अन्न दिलं, तेव्हा ते जगू शकले नाहीत. एरवी टायरोसिन अन्नातून मिळालं नाही तरी शरीर ते दुसऱ्या एका अमिनो आम्लापासून बनवतं. क्यूइनच्या अभावी ती बनवण्याची क्रियाच अडखळते, असं पुढच्या संशोधनातून दिसलं. एका चिमुकल्या आरएनएवरच्या एका अक्षराची ही किंमत आहे.

नारळाच्या पाण्याचं या विषयाशी आणखी एक नातं आहे. १९४१ मध्ये धोतऱ्याचे कोवळे भ्रूण काचेच्या भांड्यात वाढवताना त्यात नारळाचं पाणी घातलं, तर ते चांगले वाढतात, असं दिसून आलं. तेव्हापासून ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत ते वापरलं जातं. त्यातला गुण सायटोकायनिन गटाच्या वनस्पती-संप्रेरकांचा, म्हणजे पेशींना विभागायला लावणाऱ्या रसायनांचा. १९६६ मध्ये यीस्टच्या एका वाहक आरएनएवर, वाचणाऱ्या तीन अक्षरांच्या अगदी शेजारी, एक बदललेलं अक्षर सापडलं. ते वेगळं काढलं तर स्वतःच सायटोकायनिनसारखं वागतं. वनस्पतीतले जुने वाहक आरएनए मोडले जातात, तेव्हा त्यातून या गटाची काही संप्रेरकं मोकळी होतात.

टॉरिनचं अक्षर आणि एक आजार

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया नावाचे सूक्ष्म भाग असतात. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांच्या जोड्यांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. त्यात २२ वाहक आरएनएंची जनुकं आहेत. या २२ पैकी पाचांच्या ३४ व्या जागेवरच्या यू या अक्षराला टॉरिन जोडलेलं असतं.

त्यातला एक ल्युसिन या अमिनो आम्लाचा वाहक आहे. त्याला यूयूए आणि यूयूजी असे दोन गट वाचायचे असतात. साधं यू ए शी छान जुळतं, जी शी त्याची जोडी डळमळीत होते. टॉरिन लागलं की जी शीही ती पक्की होते. टॉरिन नसेल तर यूयूजी आल्यावर वाचन अडतं, आणि ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेतली काही प्रथिनं अपुरी पडतात.

मेलास नावाच्या आजारात हेच घडतं. या आजारात लहान किंवा तरुण वयात अर्धांगवायूसारखे झटके येतात, फिट्स येतात, स्नायू दुबळे होतात, रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं. बहुतेक रुग्णांत त्या १६,५६९ अक्षरांपैकी ३२४३ व्या जागी ए ऐवजी जी असतं. हा दोष १९९० मध्ये जपानमध्ये ओळखला गेला. ती जागा ल्युसिनच्या वाहक आरएनएच्या जनुकात पडते, पण वाचणाऱ्या तीन अक्षरांत पडत नाही. ती त्यांच्यापासून बरीच दूर, दुसऱ्या वळणावर आहे. मग वाचन का बिघडावं? हे कोडं टॉरिनने सोडवलं. दूरचं एक अक्षर बदलल्यामुळे रेणूची घडी बदलते, टॉरिन लावणाऱ्या एन्झाइमांना तो रेणू ओळखता येत नाही, आणि ३४ वी जागा कोरी राहते. लेखनातली चूक एकीकडे, तिची शिक्षा दुसरीकडे.

हाच दोष कमी प्रमाणात असेल तर काही कुटुंबांत त्यातून आईकडून येणारा मधुमेह आणि बहिरेपण दिसतं. पेशीत मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या असंख्य प्रती असतात. त्यांतल्या किती सदोष, यावर आजार किती तीव्र हे बरंचसं ठरतं.

कारण कळलं, तेव्हा उपायाची दिशाही दिसली. टॉरिन भरपूर दिलं तर सदोष वाहक आरएनएवरही थोडं तरी ते लागेल का? जपानमध्ये दहा मेलास रुग्णांना एक वर्ष रोज ९ किंवा १२ ग्रॅम टॉरिन दिलं गेलं. त्यांतल्या सहा जणांना त्या वर्षात अर्धांगवायूसारखा एकही झटका आला नाही, आणि काही रुग्णांच्या रक्तपेशींतल्या वाहक आरएनएवर टॉरिनचं प्रमाण वाढलेलं आढळलं. २०१९ मध्ये जपानने या आजारात झटके टाळण्यासाठी टॉरिनला मान्यता दिली. दहा रुग्णांचा अभ्यास लहान आहे हे खरं. पण आरएनएवरचा हरवलेला बदल परत आणण्याचा विचार रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला, ही मोठी गोष्ट आहे.

फोंडा घाटापलीकडचं काम

कणकवलीहून फोंडा घाट चढून गेलं की कोल्हापूरची वाट लागते. तिथल्या शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात कैलास सोनवणे आणि त्यांचे सहकारी याच बदललेल्या अक्षरांचा अभ्यास करत आले आहेत. अशी अक्षरं सूक्ष्मदर्शकाखाली वाकताना पाहता येत नाहीत. म्हणून त्यातल्या प्रत्येक अणूवर कोणती बलं काम करतात याचं गणित संगणकाला दिलं जातं, आणि ते अक्षर कोणत्या आकारात सर्वांत स्थिर राहतं हे काढलं जातं. टॉरिन लागलेलं यू अक्षर कसं वळतं, त्याची बाजूची साखळी कुठे टेकते, याचा असा अभ्यास त्यांच्या गटाने केला आहे.

त्यांनी अभ्यासलेलं दुसरं अक्षर लायसिडिन. हे जिवाणूंत सापडतं. जिवाणूच्या एका वाहक आरएनएची वाचणारी अक्षरं जनुकाप्रमाणे सीएयू अशी असतात. तेवढ्यावर तो एयूजी हा मेथिओनिनचा गट वाचेल. पण ३४ व्या जागेवरच्या सी ला लायसिन हे अमिनो आम्ल जोडलं जातं, आणि त्या एका बदलाने दोन गोष्टी घडतात. वाहक आता एयूए हा गट वाचतो, आणि त्याच्यावर मेथिओनिनऐवजी आयसोल्युसिन चढतं. रेणूची ओळखच बदलते. बहुतेक जिवाणू या बदलाशिवाय जगू शकत नाहीत, आणि माणसाच्या पेशीत हा बदल नाही. म्हणून नवी प्रतिजैविकं शोधणाऱ्यांचं या एन्झाइमावर लक्ष आहे.

बदल ओळखणारं शरीर

बदललेल्या अक्षरांचा आणखी एक उपयोग कोविडच्या काळात जगाला कळला. पेशीत बाहेरून आरएनए शिरलं की शरीर विषाणू आल्यासारखं चवताळून उठतं. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या प्रकारचे आरएनए रोगप्रतिकारक पेशींना देऊन पाहिले. जिवाणूंच्या आरएनएने पेशी खवळल्या. सस्तन प्राण्यांच्या वाहक आरएनएने त्या जवळजवळ शांत राहिल्या. वाहक आरएनएवर बदललेली अक्षरं सर्वांत जास्त असतात, हा धागा त्यांनी पकडला. प्रयोगशाळेत बनवलेल्या संदेशवाहक आरएनएत यू च्या जागी स्यूडोयुरिडिन घातलं, तेव्हा तो आरएनए न खवळवता पेशीत शिरला. पुढे स्यूडोयुरिडिनलाच एक मेथिल गट लावून केलेलं अक्षर फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींत वापरलं गेलं. या कामासाठी दोघांना २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

अशी घडण फक्त वाहक आरएनएचीच होते असं नाही. त्याच्यापेक्षाही लहान, सुमारे २२ अक्षरांचे आरएनए पेशीत असतात. त्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात. कोणता संदेश वाचायचा आणि कोणता थोपवायचा हे ते ठरवतात. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं. तेही कच्च्या, दुमडलेल्या लांब प्रतीतून दोन टप्प्यांत कापून तयार होतात. आंबा, काजू, भात अशा वनस्पतींत कापणी झाल्यावर त्यांच्या शेवटच्या अक्षरावर एक मेथिल गट बसतो. तो नसेल तर पेशी त्या टोकाला जादा यू जोडते आणि तो तुकडा नष्ट करते. इथेही घडण पूर्ण झाल्याशिवाय रेणू टिकत नाही.

जनुकात नसलेलं सामान

टॉरिनची जाहिरात आजकाल उत्साहवर्धक पेयांच्या डब्यांवर दिसते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निरोगी माणसाचं यकृत सिस्टीन या अमिनो आम्लापासून टॉरिन बनवतं. शाकाहारी माणसाच्या वाहक आरएनएवरही ते लागतं. मेलासच्या रुग्णांना दिलेली मात्रा जेवणातून गाठायची तर रोज किलो-दोन किलो किंवा त्याहून जास्त शिंपले खावे लागतील, आणि हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचा असतो. कालवांचं सुकं चवीने खावं, औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

पण सामान कमी पडलं तर घडण बदलते, हेही खरं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पेशींना टॉरिनची उपासमार घडवली, तेव्हा वाहक आरएनएवर टॉरिनच्या जागी ग्लायसिन लागू लागलं. जनुक तेच, प्रत तीच, तयार रेणू मात्र वेगळा.

जनुकात लिहिलंय म्हणजे ठरलंय, असं आपण सर्रास बोलतो. घराण्यात आजार आहे म्हटल्यावर हात टेकतो. चिमुकल्या आरएनएचा हा अभ्यास त्या बोलण्याला थेट हरकत घेतो. जनुक कच्चा मजकूर देतं. तो कापला जातो, सांधला जातो, त्यावर मेथिल, टॉरिन, क्यूइन चढतं, आणि हे सामान आपलं यकृत, आपल्या आतड्यातले जिवाणू आणि आपलं जेवण पुरवतात. मेलासच्या रुग्णाचं जनुक आजही दुरुस्त करता येत नाही, पण त्या जनुकातून निघालेल्या रेणूची घडण काही अंशी सुधारता येते. आनुवंशिक आजाराचं नाव ऐकून खचलेल्या घरांना हे माहीत असायला हवं, आणि डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारण्याची हिंमत त्यातून यायला हवी.